अक्षरांचे खण

लोणी भापकरच्या मल्लिकार्जुन मंदिराजवळच्या पुष्करणीत पायऱ्या उतरून खाली गेलं, की भिंतींत ओळीने बसवलेली देवकोष्ठे दिसतात. दगडात घडवलेली ती लहान लहान देवळेच. प्रत्येक देवाला भिंतीत आपापली जागा. याच गावातला यज्ञवराह पाहावा, तर त्याच्या पाठीवरच्या झुलीवरही विष्णूच्या चिमुकल्या मूर्ती रांगेने बसलेल्या. त्या झुलीवर हात न लावता नुसती नजर फिरवली तरी कळतं, की गर्दी असूनही तिथे गोंधळ नाही. ज्याने ती कोरली त्याच्या मनात आधी चौकटी पडल्या असणार आणि मग मूर्ती.

बारामतीच्या या जिरायती पट्ट्यात घरंही अशीच मोजत. ‘किती खणांचं घर?’ असं विचारायचे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. पाच खणांचं घर म्हणजे खाऊनपिऊन सुखी, नऊ खणांचा सोपा म्हणजे मातब्बर. ओटी भरताना नारळाबरोबर देतात तोही खण. आणि पुढे टेबलाला, कपाटाला जे ओढून बाहेर काढायचं असतं त्यालाही आपण खणच म्हणू लागलो. घराचा खण जुना, चोळीचा खण जुना. हा तिसरा खण मात्र आपल्याकडे बराच उशिरा, समुद्रावरून आला. त्याच्या येण्याची गोष्ट न्यू इंग्लंडच्या सुतारांपाशी सुरू होते, मुंबईच्या एका छापखान्यातून जाते आणि लोणी भापकरच्या शेजारी, बारामतीत, एका कवीच्या पोथ्यांपाशी येऊन पोचते. सांगायची आहे ती हीच.

आधी आपल्या घरात काय होतं ते पाहू. धान्य बळदात किंवा पेवात. रोजच्या वापराचं पीठमीठ उतरंडीत. दिवा देवळीत, कुंकवाचा करंडा कोनाड्यात, कपडे वलणीवर, पागोटं खुंटीवर. जरा बरी परिस्थिती असेल तर भिंतीतच बसवलेलं फडताळ, त्याला दोन झडपा. म्हणजे वस्तू ठेवायची ती भिंतीत, जमिनीत, नाहीतर टांगून. हलवता येईल असं लाकडी सामान म्हणजे पेटी: पेटारा, संदूक, मजूस. लोखंडी पट्ट्या मारलेली, वर झाकण, पुढे कडी-कोयंडा आणि हातभर कुलूप. पेटीचा एक स्वभाव असतो. जे शेवटी ठेवलं ते पहिलं हाती येतं आणि जे पहिलं ठेवलं ते तळाला जातं. तळातलं काढायचं तर वरचं सगळं उपसायला हवं. त्यामुळे तळातलं तळातच राहतं.

बायकांच्या फणेरपेटीत तेवढी वेगळी रचना असे. झाकणाच्या आत आरसा, खाली कुंकू, मेण, काजळ, फणी यांना वेगवेगळे कप्पे. पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी गावोगाव हिंडून, जुने वाडे पालथे घालून जो संग्रह जमवला, त्या राजा केळकर संग्रहालयात अशा जुन्या शृंगाराच्या वस्तू पाहायला मिळतात. केळकरांनी असल्या घरगुती वस्तूंना दरबारी शस्त्रांइतकाच मान दिला, याबद्दल त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

बारामतीत दोन माणसांच्या पेट्या फार महत्त्वाच्या होत्या. पहिला बाबूजी नाईक जोशी. कऱ्हेच्या काठी त्याचा गढीसारखा वाडा आजही उभा आहे. तो सावकार होता आणि साधासुधा सावकार नव्हता. थोरल्या बाजीरावाला कर्ज देणारा, त्याच्याच घराण्याशी सोयरीक असलेला, आणि १७४० साली बाजीराव वारल्यावर रघूजी भोसल्याच्या पाठिंब्याने थेट पेशवेपदावर दावा सांगणारा. ते पद नानासाहेबाला मिळालं, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. नाइकाच्या संदुकीत काय होतं याची कल्पना आपण करू शकतो: रोकड, दागिने, आणि त्याहून मोलाची खतं.

दुसरा माणूस त्याच वाड्याच्या आश्रयाला आलेला. मोरोपंत रामचंद्र पराडकर. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत विशी ओलांडल्यावर बारामतीला आले, नाइकांकडे पुराणिक म्हणून राहिले आणि १७९४ साली देह ठेवीपर्यंत, चाळीसहून अधिक वर्षं, इथेच लिहीत राहिले. सगळं महाभारत आर्या वृत्तात. रामायणं म्हणाल तर एकशेआठ रचल्याचं परंपरा सांगते, आणि त्यांतल्या कितींमध्ये तरी अक्षरांचा खेळ. एका रामायणाचं नावच ‘परंतु रामायण’. दुसरं ‘निरोष्ठ रामायण’, म्हणजे ओठाला ओठ लागेल असं अक्षर न वापरता सांगितलेलं. शेवटी ‘केकावली’. एवढं सगळं बोरूने, शाईने, सुट्या पानांवर. पानांचा गठ्ठा झाला की वर-खाली लाकडी फळ्या, भोवती कापड, त्यावर दोरी. हे कापड म्हणजे बासन. एखादा विषय मागे पडला की आपण तो ‘बासनात गुंडाळला’ म्हणतो, ते इथूनच. आणि बासन जायचं पेटीत.

ज्याला मोरोपंतांची कविता हवी त्याने बारामतीहून किंवा ज्याच्याकडे नक्कल असेल त्याच्याकडून पोथी आणायची, महिनोन् महिने बसून उतरवायची, आणि परत पाठवायची. कीर्तनकारांनी हे केलं, म्हणून आर्या घरोघर पोचल्या. पण ज्या आर्या कीर्तनाच्या उपयोगाच्या नव्हत्या त्या तळाला गेल्या.

राज्यकारभाराची कागदपत्रं तर पेटीतही नसायची, ती रुमालात. चौकोनी कापडात मोडीतले कागद घालून चारी टोकं बांधली की झाला रुमाल. कुलकर्ण्याचं दप्तर म्हणजे असे रुमाल, आणि पेशव्यांचं दप्तर म्हणजे असे हजारो. कापडाला कप्पा नसतो. कोणता कागद कुठल्या रुमालात आहे, हे ज्याने बांधला त्याच्या डोक्यात असायचं.

आता तिकडे, अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडला. मोरोपंतांच्या जन्माच्याही शंभर वर्षं आधी इंग्लंडमधून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर जाऊन वसलेल्या माणसांच्या घरात हेच होतं: ओक लाकडाची, वर झाकण असलेली पेटी. इप्सविच गावी विल्यम सर्ल आणि थॉमस डेनिस हे डेव्हन परगण्यातून आलेले सुतार. त्यांच्या हातच्या कोरीव पेट्या आजही नावानिशी ओळखल्या जातात. पेटीत चादरी, लोकरी कपडे, बायबल. अडचणही तीच. तळातलं तळात.

मग कोणीतरी पेटीच्या पोटाखाली एक खण बसवला. वर झाकणाची पेटी तशीच, खाली ओढून काढायचा एक खण. थोड्या वर्षांनी दोन खण. बॉस्टनमध्ये लंडनहून आलेल्या कारागिरांनी सतराव्या शतकाच्या मध्यावरच झाकण काढून टाकून नुसत्या खणांची कपाटं केली होती, पण खेड्यापाड्यांत हा बदल पायरीपायरीने झाला. झाकण हळूहळू गेलं, खण वाढत वर चढले.

या लाकडी वस्तूकडे जरा जवळून पाहू, कारण कसब सगळं आतल्या बाजूला असतं. जुन्या खणाच्या बाजूच्या फळीला मधोमध एक लांब खोबण असे. कपाटाच्या आत दोन्ही बाजूंना एकेक पट्टी, आणि त्या पट्टीवर खण त्या खोबणीतून अधांतरी लटकून सरके. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या. पुढे पट्ट्या खाली गेल्या, खण तळावर सरकू लागला, आणि सतरावं शतक सरता सरता खिळेही गेले. कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट कुसवा एका फळीला, तशाच खाचा दुसरीला. एकदा बसल्या की पुढून कितीही ओढा, सुटत नाहीत. सुतारलोक याला डव्हटेल म्हणतात. खणाचा दर्शनी भाग अक्रोडाचा किंवा मॅहॉगनीचा, पण तळ आणि मागचा भाग साध्या पांढऱ्या पाइनचा. आजचे जाणकार जुनं अमेरिकन कपाट आणि जुनं इंग्लिश कपाट यांतला फरक पाहताना आधी खण बाहेर काढतात आणि उलटा करतात. दर्शनी लाकूड फसवू शकतं. तळाचं पाइन सहसा फसवत नाही.

कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात हॅडली नावाचं गाव आहे. साधारण १६८० ते १७४० या काळात त्या भागात झाकणही आणि खणही असलेल्या पेट्या बनल्या. समोरचा सगळा भाग ट्युलिपची फुलं आणि पानं यांनी भरलेला, मधोमध मुलीच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली. लग्नाच्या वयाच्या मुलीसाठी केलेली ती पेटी. अशा दोनशेहून अधिक पेट्या आज शिल्लक आहेत. आपल्याकडच्या रुखवताची आठवण व्हावी असाच तो प्रकार.

पुढच्या शतकात न्यूपोर्टच्या टाउनसेंड आणि गॉडर्ड या दोन क्वेकर घराण्यांनी या कामाला कळस चढवला. मॅहॉगनीच्या अखंड फळीतून उठवलेले शिंपले, खणांच्या दर्शनी भागाला उंचसखल घाट. १९८९ साली न्यूपोर्टचं असंच एक लिहिण्याचं कपाट लिलावात १ कोटी २१ लाख डॉलरना गेलं. ज्या मॅहॉगनीचं ते होतं, ती वेस्ट इंडिज आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांतून गुलामांच्या हातांनी तोडून आणलेली असे, हे या सुंदर वस्तूंसमोर उभं राहताना विसरू नये.

सेलम हे मॅसॅच्युसेट्सचं बंदर या गोष्टीत फार महत्त्वाचं. तिथे एकीकडे नामांकित सुतारशाळा होत्या. सॅम्युअल मॅकिन्टायरसारखा कोरक्या तिथलाच. दुसरीकडे तिथली जहाजं मुंबईला कापसासाठी येत. मुंबईत त्यांचा व्यवहार पाहणारे दलाल होते पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया. सेलमच्या दर्यावर्दींनी १७९९ साली एक मंडळी स्थापून जगभरच्या वस्तूंचं संग्रहालय उघडलं, आणि नसरवानजींनी आपला पोशाख त्याला भेट पाठवला. म्हणजे सेलमच्या लोकांना मुंबईची घडी घातलेली वस्त्रं ठाऊक झाली तेव्हा इकडे दुसरा बाजीराव गादीवर होता.

त्याच सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये ६ फेब्रुवारी १८१२ रोजी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. वेळ अगदी वाईट होती. अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलेलं, त्यामुळे अमेरिकन माणूस म्हणजे शत्रूचा माणूस. कंपनी सरकारला तशीही मिशनऱ्यांची धास्ती. गव्हर्नर सर इव्हान नेपियन याने त्यांना इंग्लंडला रवाना व्हायचा हुकूम केला. ते गुपचूप कोचीनपर्यंत निसटले, तिथून त्यांना परत आणलं. अर्ज-विनंत्या झाल्या, तेवढ्यात १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना हिंदुस्थानात यायची वाट मोकळी झाली आणि ते राहिले. हॉल तर कायमचाच राहिला. १८२६ साली त्र्यंबकेश्वराकडे हिंडत असताना पटकीने तो गेला.

ते धर्मांतर करायला आले होते. आपल्या देवांवर, रीतिरिवाजांवर त्यांनी कठोर लिहिलं, आणि त्याचा राग आपल्या लोकांना आला तो रास्तच होता. पण त्यांनी आणलेलं एक हत्यार धर्माच्या बाहेरचं होतं.

१८१६ साली छपाई जाणणारा होरेशिओ बार्डवेल हा मिशनरी मुंबईत आला. छापयंत्र आणि देवनागरी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, कलकत्त्याहून मागवले गेले. १८१७ साली अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून आठ पानांचं एक मराठी पुस्तक बाहेर पडलं. मराठीतलं हे पहिलंच छापील पुस्तक होतं असं नव्हे. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ सालीच मराठीचं व्याकरण छापलं होतं. तंजावरला सरफोजीराजांनी १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ छापवली. आणि खुद्द आपल्याकडे, नाना फडणीसाने पुण्यात एका तांबटाला हाताशी धरून गीता छापायचा घाट घातला होता. नाना गेला, तो कारागीर मिरजेला पटवर्धनांकडे गेला, आणि तिथे १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं खोदून गीता छापली गेली.

मिरजेच्या गीतेबद्दल मला फार ममत्व आहे. पण त्यातली अडचण तिच्या पत्र्यातच होती. पत्र्यावर खोदलेलं पान पत्र्याचंच राहतं. त्यातला एकही ‘क’ सोडवून दुसऱ्या पानावर नेता येत नाही. गीता छापून झाल्यावर त्या पत्र्यांतून ज्ञानेश्वरी निघणार नाही. पेटीच्या तळासारखंच ते. जे ठेवलं ते तिथेच.

मिशनच्या छापखान्यात अक्षरं सुटी होती, आणि सुटी होती म्हणून त्यांना घर लागत होतं. ते घर म्हणजे लाकडाचा उथळ, रुंद खण. त्यालाच छापखान्यात केस म्हणतात. एकावर एक अशा केस घोडीत सरकवलेल्या, हव्या त्या वेळी पुढे ओढायच्या. न्यू इंग्लंडच्या शयनगृहातलं कपाटच जणू, फक्त खण बोटभर खोल आणि प्रत्येक खणाच्या पोटात पुन्हा पातळ पट्ट्यांचे पन्नास-शंभर कप्पे.

इंग्रजी छापायला दोन केस पुरत. देवनागरीला पुरत नाहीत. आपली बाराखडी, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, रकार, उकार, अनुस्वार यांचा हिशेब करता वेगवेगळे खिळे कित्येक शेकड्यांत जात. मुंबईच्या डिग्री पद्धतीत तर एकेक ओळ तीन मजली: मधे अक्षर, वर वेलांटी-मात्रांचा मजला, खाली उकारांचा. जुळारी म्हणजे कंपोझिटर. तो उभ्याने काम करी. डाव्या हातात खिळे ओळीने रचायची स्टिक, उजवा हात कप्प्यांवरून फिरता. नजर हस्तलिखितावर. कान्याचा कप्पा सगळ्यांत मोठा आणि हाताशी, कारण काना सतत लागतो. ‘ङ’चा कोपऱ्यात आणि बोटाच्या पेराएवढा. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, पण ते पाहायला वेळ कोणाला? खिळ्याच्या अंगावर एक खाच असते. अंगठ्याला ती खाच लागली की अक्षर सुलटं बसणार हे कळतं. पान छापून झालं की सगळे खिळे धुऊन पुन्हा आपापल्या कप्प्यात सोडायचे. आज ज्या ‘राम’चा ‘र’ छापला तोच उद्या ‘रावण’साठी हजर.

लोणीच्या देवकोष्ठात देव जसा एका जागी बसला की बसला, तसं इथे नव्हतं. इथे प्रत्येक अक्षराला ठरलेली जागा होती, पण ते तिथून रोज निघे आणि रोज परत येई.

कलकत्त्याहून आलेले ते खिळे बोजड होते. मुंबईत नवे पाडायला हवे होते. मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम नावाचा कारागीर हाताखाली शिकून तयार झाला आणि त्याने देवनागरीचे ठसे कोरले. पोलादाच्या दांडीच्या टोकावर अक्षर कोरायचं, ते तांब्यात ठोकायचं, त्या तांब्याच्या साच्यात शिसं ओतायचं. बाहेर पडलेल्या खिळ्याला शेपूट असतं, कडा खरबरीत असतात. शेपूट मोडून त्या कडा दगडावर घासायच्या. हे काम लहान मुलांना देत.

१८४० च्या दशकाच्या अखेरीस अशाच घासकामाला एक मुलगा लागला. वय दहाच्या आसपास, पगार महिना दोन रुपये. नाव जावजी दादाजी. शाळा जवळजवळ नाही, घरची गरिबी. ज्या अक्षरांशी नीट ओळख झालेली नाही ती अक्षरं दिवसभर बोटांत धरून तो घासत होता. पुढे हा मुलगा ठसे, साचे, ओतकाम सगळं शिकला. १८६४ साली त्याने स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला, आणि १८६९ साली छापखाना. त्याचं नाव निर्णयसागर.

जावजींच्या आधी गणपत कृष्णाजींनी वाट पाडलेली होती, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. मिशनची पुस्तकं पाहून त्यांना वाटलं, हे आपल्या धर्माच्या पुस्तकांसाठी का होऊ नये? त्यांनी घरच्या घरी लाकडाचं यंत्र जोडलं, दगडावर लिहून छापायचे प्रयोग केले आणि १८३१ साली मराठी पंचांग छापलं. पुढे खिळेही पाडले. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्याचे लोक छापील पुस्तकाला शिवत नसत, तर गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातलं, असं सांगतात.

जावजींचं काम मात्र वेगळ्याच पातळीवर गेलं. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांचा हात ठसे कोरण्यात असा बसलेला, की निर्णयसागरचा टाइप देशभर मागवला जाऊ लागला. संस्कृतची ‘काव्यमाला’ १८८६ पासून तिथे निघू लागली. मुलांचं ‘बालबोध’ मासिक तिथलंच. शुद्ध छपाई म्हणजे निर्णयसागर, असं काशीच्या पंडितापासून जर्मनीच्या प्राध्यापकापर्यंत सगळे मानू लागले. दोन रुपयांवर खिळे घासणाऱ्या पोराने हे उभं केलं. आपल्या इतिहासात लढाया जिंकणाऱ्यांची नावं मुखोद्गत असतात. जावजींचं नावही तसंच असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता परत बारामतीला येऊ. मोरोपंत गेल्यावर साठ वर्षांनी, १८५४ साली, परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी जुन्या मराठी कवितेचे वेचे निवडून ‘नवनीत’ काढलं. शाळेत गेलेल्या मराठी मुलाला मोरोपंत छापील स्वरूपात भेटले ते तिथे. मग माधव चंद्रोबा डुकले यांनी ‘सर्वसंग्रह’ मासिक काढून जुन्या कवींच्या पोथ्या छापायला घेतल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत टीकाकारांविरुद्ध मोरोपंतांच्या कवितेची बाजू हिरिरीने लढवली. ज्या कवीच्या नकलांसाठी गावोगाव हिंडावं लागे त्याच्यावर लेखणीचं युद्ध व्हावं, याचा अर्थ त्याची पुस्तकं आता दोन्ही पक्षांच्या टेबलावर होती. आणि १८९० च्या सुमारास निर्णयसागरातूनच ‘काव्यसंग्रह’ सुरू झाला. आधी जनार्दन बाळाजी मोडक आणि मग वामन दाजी ओक यांनी पोथ्या मिळवायच्या, पाठ ताडून पाहायचे, टिपा द्यायच्या आणि महिन्यामहिन्याला छापायचं. कीर्तनात न येणाऱ्या, बासनात पडून राहिलेल्या आर्या एकेक करून वर आल्या.

रुमालांचं नशीब उशिरा उघडलं. पेशवे दप्तरासाठी पुण्यात भक्कम दगडी इमारत झाली, पण आत कागद तसेच कापडात बांधलेले. गोविंद सखाराम सरदेसाई आणि त्यांचे सहकारी त्या रुमालांना बसले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले. मोडीत लिहिलेलं बालबोध लिपीत आलं. ते बालबोधात आलं तेही जुळाऱ्याच्या खणांतूनच.

घरातला खणही छापखान्याच्या या काळातच आपल्याकडे रुळला. आधी कारकुनाच्या उतरत्या झाकणाच्या डेस्काला एखादा, मग टेबलाला दोन, मग मुंबईच्या शिसवी सामानात चार-पाच खणांचं आरशाचं कपाट. पितळी कड्यांचं, कोरीव पायांचं ते कपाट लग्नात आलं की गावात चार दिवस त्याची चर्चा असे. वापरायला लागल्यावर कळे की वरचा खण घरधन्याचा, मधला धनिणीचा, आणि सगळ्यांत खालचा कोणाचाच नाही. त्यात किल्ल्या, दोरे, तुटकी चष्म्याची दांडी आणि जन्मपत्रिका.

देवनागरीचे खिळे कमी करावेत म्हणून पुढे पुष्कळांनी डोकं चालवलं. लोकमान्य टिळकांनीही त्यासाठी खटपट केली होती. वर्तमानपत्र चालवणाऱ्या माणसाला केसपुढे उभ्या जुळाऱ्याचे हाल रोज दिसतात. मग यंत्रावर जुळणी आली, ऑफसेट आला, संगणक आला. १९८० नंतरच्या वर्षांत तालुक्याच्या गावांतले ट्रेडलचे छापखाने एकेक करून थांबले. शिसं वजनावर गेलं. रिकाम्या केस जुन्या बाजारात आल्या. हौशी लोक त्या विकत घेऊन भिंतीवर टांगतात आणि कप्प्याकप्प्यांत शंख, मणी, छोट्या मूर्ती मांडतात. अशी एक केस मी उन्हात धरून पाहिली होती. कान्याच्या कप्प्याचं लाकूड बोटं घासून घासून गुळगुळीत झालेलं, मधोमध किंचित खोलगट. ‘ङ’च्या कप्प्याच्या कडा मात्र रंध्याने काढल्यासारख्या धारदार होत्या.

ती केस पाहिल्यापासून मोरोपंतांचं निरोष्ठ रामायण माझ्या डोक्यातून जात नाही. प, फ, ब, भ, म ही अक्षरं त्या काव्यात चालत नाहीत. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचं नाही. बारामतीच्या वाड्यात बसून पंतांनी ते ओठ न मिटता रचलं. पुढे ज्या जुळाऱ्याच्या वाट्याला ते काव्य आलं असेल त्याचा हात सकाळपासून सगळ्या खणांवरून फिरला असेल, आणि संध्याकाळी केस आत सरकवताना त्याला दिसलं असेल, की ‘म’चा कप्पा काठोकाठ भरलेला आहे.